चुना तिथं पाणी नाही

प्रांजलीचे डोळे गेले त्याला दहा महिने झाले. लोक अजून मला रस्त्यात गाठून विचारतात, "सर, पेटी फुटली कशी हो?" पेटी कशी फुटली हे मी कोणालाही पाच मिनिटांत समजावून सांगू शकतो. मास्तर माणूस, समजावायचं म्हटलं की जीभ सुटतेच. पण पेटी फुटली म्हणून माझ्या पोरीचे डोळे गेले नाहीत. ते कशानं गेले हे तिला सांगायला मी इतके दिवस लावले, की सांगून काही उपयोग उरला नाही. तेच आता लिहून ठेवतो आहे.

मी वामन खिरटकर. वणीच्या पुढं आमचं शिरखडी गाव. बावीस वर्षं गावच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवलं. आमच्याकडं जमीन खणली की चुनखडी लागते, त्यामुळं गावाला चुनाभट्ट्यांचा धूर नवा नव्हता. धुरापायी दोन हजार चौतीस साली सरकारनं भट्ट्या बंद केल्या, अर्धं गाव रिकामं बसलं, आणि तीन वर्षांनी त्याच चुन्यानं गावाला पुन्हा काम दिलं. हे कसं झालं ते समजायला थोडं रसायनशास्त्र लागतं. घाबरू नका, आठवीचंच आहे.

भेळेत कुरमुरे असतात, फरसाण असतं, ते बोटांनी निवडून वेगळं करता येतं. ते मिश्रण. चुनखडी तशी नाही. तिच्यात कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. ते संयुग. त्यांची पकड सोडवायची तर ऊर्जा खर्चावी लागते. भट्टीत नऊशे-हजार अंशांवर चुनखडी तापवली की कर्बवायू निघून जातो आणि मागं कळीचा चुना राहतो. हा कळीचा चुना भारी तहानलेला. पाणी भेटलं की ते ओढून घेतो आणि विरतो, आणि विरताना इतकी उष्णता बाहेर टाकतो की डबा रटरटायला लागतो.

"सर, विस्तव नाही तर गरमी येते कुठून?" पोरं दरवर्षी विचारायची. मी म्हणायचो, बाबांनो, भट्टीत जी ऊर्जा घातली तीच दडून बसली होती, पाणी आलं की बाहेर पडली. ऊर्जा कोणी निर्माण करत नाही आणि कोणी संपवतही नाही, ती फक्त घर बदलते. विरलेला चुना पुन्हा पाचशे अंशांपर्यंत तापवला तर पाणी वाफ होऊन निघून जातं आणि चुना पुन्हा कळीचा होतो. म्हणजे उष्णता साठवून ठेवायची बॅटरीच की! अडचण एकच होती. चार-सहा वेळा असं केलं की चुन्याचं पीठ व्हायचं, पिठाचे गोळे व्हायचे आणि पाणी आत शिरेनासं व्हायचं. पुण्यातल्या काही संशोधकांनी चुन्याच्या कणाकणाला चिनीमातीच्या जाळीचा आधार दिला. मग तोच चुना तीन हजार वेळा विरवा आणि तीन हजार वेळा सुकवा, काही होत नाही.

अशी झाली कळीपेटी. दोन विटांएवढी, पत्र्याची. चुलीत सरकवायची आणि वरची तोटी सोडायची. थेंब थेंब पाणी आत जातं, तवा तापतो, भाकरी टम्म फुगते. धूर नाही, सिलिंडरची वाट बघणं नाही. रिकाम्या पेट्या सकाळी गावाबाहेरच्या सूर्यभट्टीवर द्यायच्या. तिथं तीनशे आरसे एका बुरुजावर ऊन फेकतात, आणि संध्याकाळपर्यंत पेटी सुकून, भरून परत. आसपासच्या चौदा गावांनी मिळून संस्था काढली. माझी प्रांजली तिथं पेट्या तपासायच्या कामावर लागली. तिचा नवरा हर्षल, माझाच जुना विद्यार्थी, भट्टी चालवायला. आणि मी निवृत्त झालेलो, तर संस्थेनं मला सुरक्षा शिक्षक नेमलं. चौदा गावांत फिरून लोकांना पेटी कशी हाताळायची ते शिकवायचं.

प्रांजलीची आई ती दुसरीत असताना गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक करता करता मी तिला शिकवायचो. साखर पाण्यात विरघळली ते काय, लिंबानं दूध नासलं ते काय. मी सांगितलेलं एकदा तिच्या डोक्यात गेलं की गेलं. एकदा शेजारच्या काकूंनी तिला सांगितलं, लोखंड थंडीनं गंजतं. ही नऊ वर्षांची चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाही, हवेनं आणि पाण्यानं गंजतं. माझ्या बाबांनी सांगितलंय." काकू हसून बेजार. मला काय तो अभिमान वाटला होता!

पेट्यांबरोबर पुण्याहून एक इंग्रजी पुस्तिका आली होती. तिचं मराठी करायचं काम माझ्याकडं. सुरक्षेच्या पानावर दोन वाक्यं होती. पहिलं असं, की पेटीबाहेरच्या चुन्याला पाणी लागू देऊ नका. दुसरं असं, की चुना डोळ्यांत किंवा अंगावर उडाला, तर तो झटकून लगेच भरपूर पाण्यानं अर्धा तास धुवा.

दोन्ही वाक्यं बरोबरच आहेत. थोड्या पाण्यात चुना तापतो, पण बादलीभर पाण्यात चिमूटभर चुन्याची उष्णता कुठल्या कुठं हरवते, आणि चुनाही वाहून जातो. हे मी नववीला फळ्यावर गणित मांडून शिकवत आलो होतो. पण मी विचार केला, लोकांना एकदा पाणी नको म्हणायचं आणि लगेच पाणी घ्या म्हणायचं, गोंधळ होईल. पेट्या फुटण्याची भीती मोठी होती, डोळ्यात चुना जाण्याची लहान. पेटी तर बंदच असते! मी दुसरं वाक्य गाळलं. पहिल्याचं चांगलं खणखणीत घोषवाक्य केलं: "चुना तिथं पाणी नाही, पाणी तिथं चुना नाही."

वा काय बसलं होतं ते! शाळांच्या भिंतींवर रंगलं. पोरं लगोरी खेळताना म्हणायला लागली. पहिल्या वर्षी आमच्या चौदा गावांत एकही पेटी फुटली नाही, आणि संस्थेनं माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

सूर्यभट्टीच्या आवारात जुन्या चुनाभट्टीचा एक दगडी हौद होता. मी तो रिकामा करून घेतला आणि मुरूम टाकून बुजवला. तेव्हा बायनाबाई टेकाम आडवी आली. वय सत्तरीच्या पुढं, जन्म सगळा चुनाभट्टीवर गेलेला. आता आवार झाडायला असायची.

"मास्तर, हौद ठेवा न," ती म्हणाली. "आमच्या भट्टीवर हौद भरूनच राहे. कोणाच्या डोळ्यात चुना गेला का मुंडकं धरून हौदात बुडवू."

"आजी, तो काळ गेला. आता शास्त्र आलंय."

"चुना तर तोच हाय न बाप्पा," ती म्हणाली आणि झाडू घेऊन निघून गेली. मी आणि मजूर हसलो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवशी मी मारेगावला प्रशिक्षणाला गेलो होतो. सकाळचे साडेदहा असतील. प्रांजलीकडं तपासायला आलेल्या एका पेटीची नळी तुंबली होती, पाणी आत जात नव्हतं. तिनं झाकण उघडलं, वाकून पाहिलं, आणि नेमकं तेव्हाच नळीत अडकलेलं पाणी भसकन सुटलं. आत जाळी एका जागी खचलेली होती, तिथं मोकळा चुना साचला होता. तो उसळला तो थेट तिच्या चेहऱ्यावर.

हर्षल धावला. त्यानं कोरड्या फडक्यानं तिचा चेहरा पुसला, कोरडा रुमाल डोळ्यांवर बांधला आणि गाडीत घालून वणीला नेलं. चाळीस मिनिटं लागली. तिथून ताबडतोब नागपूरला.

मी नागपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई हर्षलशी बोलत होत्या. तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तिथल्या तिथं पाण्यानं धुतलं होतं का?"

"नाही," हर्षल म्हणाला.

 त्यांनी शांतपणे समजावलं. आम्ल डोळ्यात गेलं तर वरचा थर करपतो आणि बहुतेक वेळा तिथंच अडतं. चुना आम्लारी आहे. तो थर विरघळवत आत आत जात राहतो, थांबत नाही. पहिली दहा मिनिटं पाणी मिळालं असतं तर एक डोळा नक्की वाचला असता, कदाचित दोन्ही. आता बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढरा पडला आहे, आणि तो नव्यानं तयार करणाऱ्या कडेच्या पेशीही जळाल्या आहेत. दुसरा पडदा बसवला तरी तग धरणार नाही.

हे ऐकून मी काय करावं? मी हर्षलवर ओरडलो. भर दवाखान्यात.

"अरे गाढवा, साधं पाणी मारायचं सुचलं नाही तुला? नववीत काय झोपा काढत होतास? माझ्या पोरीच्या डोळ्यांची राख केलीस तू!"

हर्षल खाली मान घालून उभा होता. "चुकलं सर," तो म्हणाला. "घाबरलो. सुचलं नाही."

खरं सांगतो, त्या वेळी मला माझं घोषवाक्य आठवलंसुद्धा नाही. माझ्या मनात पोरगी होती आणि समोर कोणीतरी गुन्हेगार हवा होता. जावई आयता मिळाला.

दोन शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही फुकट गेल्या. बारा डिसेंबरला आम्ही प्रांजलीला घेऊन शिरखडीला परत आलो, आणि ती दोघं माझ्याकडंच राहायला आली. त्याच दुपारी बायनाबाई भेटायला आली. पोरीच्या केसांवरून हात फिरवून बाहेर आली आणि अंगणात माझ्यापुढं उभी राहून रडायला लागली.

"मास्तर, म्या बकेट घेऊन धावली होती. भरेल बकेट. पोरीजवळ नेऊन ठेवली. मंग पाहतो त जवाई बकेट उचलून दूर नेऊन राहिला. म्या म्हटलं, काहून? त म्हणे, आजी, सरनं सांगतलं हाय, चुना तिथं पाणी नाही."

 मी ओट्यावर बसलो. ती आणखी काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. हर्षलला सुचलं नव्हतं असं नव्हतं. मी शिकवलं होतं तेच त्याला सुचलं होतं. आणि दवाखान्यात माझ्या तोंडावर हे फेकायच्या ऐवजी त्या पोरानं मान खाली घातली होती.

त्याच संध्याकाळी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. मनाशी म्हटलं, पोरगी आत्ताच घरी आली आहे, आत्ताच कशाला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सावरू दे. खरं कारण वेगळं होतं. ती आता मला पाहू शकत नव्हती, माझा फक्त आवाज ऐकत होती, आणि त्या आवाजावर तिचा पूर्वीसारखाच विश्वास होता. "बाबा, दूध कोणत्या भांड्यात?" "बाबा, पायरी किती उंच?" मी सांगेन तिथं ती निःशंक पाऊल टाकायची. तेवढं मला गमवायचं नव्हतं.

संस्थेनं चौकशी समिती नेमली. तिघांची. त्यात मी होतो. रसायनशास्त्र कळणारा दुसरा कोण गावात? अध्यक्षांनी अहवाल तयारच आणला होता. जाळीतला दोष नव्यानं आढळला, पेट्यांची रचना बदलावी, हे पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर एक ओळ होती: "भट्टीचालकाने प्रथमोपचारात अक्षम्य दिरंगाई केल्याने इजा गंभीर झाली." हर्षलला समितीसमोर बोलावलं तेव्हा त्यानं पुन्हा तेच सांगितलं, घाबरलो, सुचलं नाही.

मी लेखणी हातात धरून बसलो. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमचे जावई आहेत, अवघड वाटत असेल, आम्ही समजतो."

मी सही केली. तारीख घातली, एकोणीस डिसेंबर. हर्षलला भट्टीवरून काढलं. तो मुकुटबनला एका गोदामात माल उतरवायच्या कामाला जाऊ लागला. सकाळी सातला निघायचा, त्याआधी प्रांजलीची वेणी घालून द्यायचा. पहिल्यांदा वेडीवाकडी यायची, मग चांगली जमायला लागली. मला पाहिलं की "सर, चहा ठेवू का?" म्हणायचा. मला त्या चहाचा घोट गिळवत नसे.

मी भिंतींवरचं घोषवाक्य पुसायला लागलो. एकेका गावात जाऊन नवं प्रशिक्षण घेतलं, चुना उडाला तर पाणी, भरपूर पाणी, अर्धा तास पाणी. लोक माना डोलवायचे. मग मी परीक्षा म्हणून विचारायचो, "समजा, चुना डोळ्यात गेला, पहिलं काय करणार?" आणि मागच्या रांगेतून सात-आठ तोंडं एका सुरात म्हणायची, "चुना तिथं पाणी नाही!" संयुग एकदा बनलं की ते मोडायला चांगलाच घाम गाळावा लागतो, हे मी पोरांना सांगत आलो होतो. डोक्यात बसलेल्या वाक्याचंही तसंच असतं हे मला साठाव्या वर्षी कळलं.

गेल्या रविवारी ठरवलं, आता बस. दुपारची वेळ होती. प्रांजली माजघरात शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. बोटांनी चाचपून दोर अचूक काढत होती. हर्षल दुकानात गेला होता. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. पुस्तिकेतली दोन वाक्यं, मी गाळलेलं दुसरं, बुजवलेला हौद, बायनाबाईची बादली. म्हटलं, "बाई, हर्षलनं काही चूक केली नाही. तुझे डोळे मी घालवले."

तिनं शेंग खाली ठेवली. रडेल, किंचाळेल, मला घराबाहेर काढेल, कशालाही मी तयार होतो. ती म्हणाली, "बाबा, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बायनाआजीनं अर्धंच पाहिलं. हर्षल म्हणत होता, पाणी मार, लवकर मार. मी वाकले होते बादलीवर. तोंड पाण्यात घालणार, आणि तुमचं वाक्य आठवलं. डोळ्यांत आग पेटली होती, आणि मला वाटलं, पाण्यानं आणखी पेटेल. बाबा सांगतात ते चुकीचं कसं असेल? मीच ओरडले, ने ती बादली लांब. तो ऐकेना. मी शपथ घातली त्याला. मग त्यानं नेली."

मी तिच्या जवळ सरकलो.

"वणीला जाताना गाडीतच मी त्याला सांगितलं, हे बाबांना कधी कळू द्यायचं नाही. कळलं तर ते जगणार नाहीत. तो म्हणाला, मग मी काय सांगू? मी म्हटलं, घाबरलो म्हण." ती थोडं हसली. "तुम्ही दवाखान्यात त्याला बोललात ते मी आत ऐकत होते. वाईट वाटलं. पण म्हटलं, बाबांना ठाऊक नाही, ते तरी काय करणार."

मी हुंदके देऊन रडायला लागलो. तिचे पाय धरावेसे वाटत होते. तिनं चाचपडत माझा हात शोधला, धरला, आणि लहान पोराला थोपटावं तसं थोपटत राहिली.

"नियम चुकला असेल बाबा. माणूस चुकतो. मी ते केव्हाच सोडून दिलं."

आणि मग तिचा हात थांबला.

"बायनाआजी तुमच्याशी कधी बोलली?"

मी खाली पडलेले शेंगांचे दोर गोळा करायला लागलो.

"बाबा, कधी?"

"तू घरी आलीस त्या दिवशी. बारा तारखेला."

"आणि अहवालावर सही?"

खोटं बोलायचं म्हणून तोंड उघडलं होतं. पण पोरीच्या त्या पांढऱ्या डोळ्यांसमोर खोटं निघेना. "एकोणीसला," मी म्हणालो.

 बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. तिनं माझ्या हातातून हात काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला.

"मला वाटायचं तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी त्याला गप्प ठेवलं. रोज पोती उचलतो तो. पाठ धरते त्याची, मी तेल लावते. दर वेळी मनात म्हणते, असू दे, बाबांसाठी आहे."

"मी उद्याच समितीला पत्र देतो. सगळं लिहून देतो. त्याला परत कामावर—"

"द्या. त्याच्यासाठी द्या." तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "माझ्यासाठी आता काही करू नका, बाबा."

ती उठली. दाराकडं निघाली आणि उंबऱ्यापाशी अडखळली. मी धावत जाऊन म्हटलं, "डावीकडं, डावीकडं वळ."

ती थांबली. डावीकडं वळली नाही. दोन्ही हात पुढं करून भिंत शोधली, चौकट शोधली, उंबरा पायानं दोनदा चाचपला, आणि मगच ओलांडला. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझं सांगणं स्वतः तपासून पाहिलं होतं.

तासाभरानं हर्षल आला. आत त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मग तो दोन पिशव्या घेऊन बाहेर आला, मागं त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रांजली. मुकुटबनला एक खोली आहे म्हणाला, गोदामाच्या जवळ, जाण्यायेण्याचा त्रास वाचेल. प्रांजली माझ्या दिशेनं पाहत नव्हती. पाहूच शकत नव्हती म्हणा, पण मान दुसरीकडं वळवून उभी होती.

फाटकापाशी पोचल्यावर हर्षल पिशव्या ठेवून चार पावलं मागं आला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. दहा महिन्यांचं सगळं बोलेल. मी ऐकायला उभा होतो.

"सर," तो म्हणाला, "भाजी झाकून ठेवली आहे. जेवून घ्या."